क्रशरशेजारची हवा

४ डिसें.
शिंदखेड्याच्या अलीकडे, खडी क्रशरचं काम. क्रशर दुप्पट करायचाय, त्याआधी गावची हवा मोजायची. धूळ ओढून कागदावर धरणारं मशीन सगळ्यात जवळच्या घरावर बसवलं. घर अक्कांचं. एकट्याच. बोलता बोलता खोकतात. लाइट तुमचीच लागेल म्हटलं, तर म्हणाल्या, "वापर ना भाऊ, काय जास मनं." मेहरूणला घरी आलो. जेवलो नाही. हल्ली भूकच नसते.

१९ डिसें.
चौथा कागद काढला. जवळजवळ पांढरा. माझी कॉलर त्याहून काळी. लॅबचे आकडे मर्यादेच्या पुष्कळ आत. आमचे साहेब (सा.) खूश. "हवा महाबळेश्वरची आहे की!" मशीन तपासलं, बरोबर चालतंय. मग... जाऊ दे.

२ जाने.
टोपी विसरलो म्हणून तासाभरात परत गेलो. मशीनवर ओलं लुगडं, चारी बाजूंनी नीट खोचलेलं. अक्का म्हणाल्या, "बठ्ठी धूय मशीनमा जाई ऱ्हायनी व्हती भाऊ. तुनं मशीन खराब व्हई, म्हनीसन रोज झाकस."
रोज. पहिल्या दिवसापासून, धूळ जाऊ नये म्हणून; मी यायच्या वेळी तेवढं काढून ठेवायच्या.
राग आला नाही. काहीच आलं नाही. मशीन कशासाठी आहे हे मीच त्यांना सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. लुगडं पिळून वाळत घातलं त्यांनी, पाणी राखाडी.

९ जाने.
न झाकलेला पहिला कागद. काळा. सा. ना दाखवला, लुगड्याचंही सांगितलं. त्यांनी दार लोटलं. "हा एकच वेगळा आलाय, वगळ. पुन्हा मोजायचं तर मोजणीचा हंगाम जाईल. आणि आकडे आपण बनवलेत का? मशीनने दिलेत." तेही खरंच. तेरी भी चूप, मेरी भी चूप. कागद माझ्या कपाटात ठेवला.

२४ फेब्रु.
क्रशर वाढवण्यावर गावाची सुनावणी. शाळेच्या पटांगणात मांडव. अक्का उठल्या, माइक नको म्हणाल्या. "मी काय सांगू? ह्या भाऊनी महिनाभर मापेल शे. ह्यालेच इचारा." बठ्ठं गाव माझ्याकडे वळलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, मोजमाप नीट झालंय ना? सा. समोर बघत बसलेले.
"हो सर," म्हणालो.
निघताना अक्का गाडीपर्यंत आल्या. "तू व्हता म्हनीसन बरं व्हयनं."
परतीच्या वाटेवर सा. नी भजी खाऊ घातली. खाल्ली.

११ मार्च
अंतिम अहवाल टेबलावर. मोजमाप करणाऱ्याची सही तेवढी बाकी. सा. नी दोनदा विचारलं, मी दोनदा "करतो" म्हणालो. लाज वाटायला हवी होती कधीच. आज दुपारी वाटली, थोडी.
पाचला अक्कांचा फोन. "भाऊ, क्रशर बंद व्हई ना आते?"
म्हटलं, कागद चालू आहेत अक्का.
"मंग ठीक शे," म्हणाल्या. नंतर बराच वेळ नुसता खोकला ऐकू येत राहिला. फोन मी ठेवला नाही. सही पण केलेली नाही.