पांड्याच्या गळ्यातलं शौर्यपदक

चि. हिमांशु,

अनेक आशीर्वाद. तिकडे समुद्रावर तुझी तब्येत बरी असेल आणि जेवणं वेळेवर होत असतील, असं धरून चालतो. इकडे धान निसवून लोंब्या बाहेर आल्या आहेत, तुझ्या आईचे गुडघे मागच्यासारखेच आहेत, आणि माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला असं गोंदियाचे डॉक्टर म्हणाले. हे सगळं उजव्या डोळ्यानं लिहितो आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण तुझी आई फोन कायम स्पीकरवर ठेवते, आणि ही गोष्ट तिच्या कानावर गेली तर मला कचारगडच्या गुहेत जाऊन राहावं लागेल. बाळा, तुझा बाप पुरता बुडाला आहे.

बुडत्या जहाजातून सात माणसं काढलीस म्हणून मिळालेलं नौसेना मेडल तू विशाखापट्टणमच्या समारंभात आईच्या हातात ठेवलंस. ते पोळ्यापर्यंत आपल्या देवघरात होतं. (लोक येऊन हळदकुंकू वाहायचे. त्याची निळी पट्टी अर्धी पिवळी झाली, हेही आता सांगूनच टाकतो.) आपल्या घरात पोळ्याला बैलाच्या अंगावर घरातली सगळ्यात मानाची वस्तू चढते, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या आजोबांनी स्वतःच्या लग्नाचा फेटा बांधला होता. यंदा शेजारचा ईश्वरदास आपल्या बैलाला नागपूरहून पितळी घंटा आणतो आहे असं कळलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आपल्या पांड्याच्या गळ्यात मेडल. आश्चर्य म्हणजे तुझी आई एका शब्दानं भांडली नाही. आत जाऊन स्वतःच लाल दोऱ्यात ओवून आणलं आणि स्वतःच बांधलं. दिवस वाईट आहे हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

बैलांपुढे झडत्यांची गाणी म्हणून झाली, तोरण तुटलं, फटाके वाजले, आणि पांड्या बिथरून सुटला तो थेट तलावात. मधोमध दोन तास बसून राहिला. मी काठाच्या पारीवरून हाका मारतो आहे आणि तो रवंथ करतो आहे. बाहेर आला तेव्हा गळ्यात दोरा होता, मेडल नव्हतं. घरी आईला सांगितलं की कपाटात कुलूप लावून ठेवलं. (कपाटाची किल्ली तेव्हापासून माझ्या करदोट्याला आहे, आणि कमरेला टोचते.)

तुडूम उघडून तलावाचं पाणी सोडून द्या, असं तू म्हणशील. पण हा तलाव आपल्याच पूर्वजांनी बांधला, पाणी समितीचा अध्यक्ष मी, आणि ईश्वरदासनं मागच्या वर्षी एक दिवस आधी तुडूम उघडलं तर त्याला भर सभेत माफी मागायला लावणाराही मीच. निसवलेल्या धानाला अजून एक पाणी लागतं. गावाच्या तोंडचा घास मी कोणत्या तोंडानं काढू? म्हणून दोरीला लोहचुंबक बांधून पंधरा दिवस तलावात फिरवलं. खिळे निघाले, विळा निघाला, सायकलची चेन निघाली. सोळाव्या दिवशी शाळेचे मास्तर भेटले. त्यांनी सांगितलं, "काका, चांदी चुंबकाले चिकटतच नाही." मग शालीकराम ढिवराला जाळं टाकायला लावलं. कपाटाची किल्ली पडली असं त्याला सांगितलं. तो माझ्याकडे पाहत म्हणाला, "उमरावभाऊ, किल्लीसाठी कोणी रडते का?" मी रडतो आहे हे मला तोवर कळलंच नव्हतं.

आणि त्यात तुझा फोन, की चार डिसेंबरला नौसेना दिनाची परेड आहे, मेडल पोस्टानं पाठवा. एकदा म्हणालो पोस्ट बंद आहे, एकदा म्हणालो फ्रेम करायला दिलं आहे. तिसरं खोटं सुचत नाही. सात जीव वाचवून तू जे मिळवलंस ते मी ईश्वरदासच्या घंटांशी बरोबरी करायला घालवलं. याची मला फार लाज वाटते.

तुझा अपराधी बाप,
उमराव

ता. क. – लिहायचं होतं ते राहिलंच. तुला सरकारनं पाण्यात बुडी मारायचं शिक्षण दिलं आहे. चार दिवस सुट्टी काढून ये, नळी-चष्मा जे लागतं ते घेऊन ये. आईला सांग, नव्या तांदळाचा भात खायला आलो.

आणखी ता. क. – आईला यातलं अक्षरही कळू देऊ नकोस. पाकीट चिकटवून टपालात टाकायला तिच्याकडेच देतो आहे, म्हणजे तिला संशय येणार नाही.

मी आई लिहून राहिली. मेडल माह्या तांदळाच्या कोठीत आहे, पोळ्याच्या दिवसापासून. तुह्या बाबाचा स्वभाव मले काय ठाऊक नाही? पांड्याच्या गळ्यात तुहा शाळेतला कबड्डीचा बिल्ला बांधला होता. त्यायच्या डोळ्याले काही समजलं नाही. रोज सांगीन सांगीन म्हणत होती, पण तलावावर चालून चालून त्यायची शुगर उतरली. मंग तू मेडल मागतलं, तवा वाटलं, पोस्टानं पाठवलं त हा घरी कायले येईन? तीन वर्षं झाले, तू आपल्या घरात जेवला नाहीस. पण ते रडले हे मले माहीत नव्हतं. म्हणून लवकर येजो. मेडल मी तुह्या खिशात टाकून देईन. ते घेऊनच तलावात उतरजो, आणि वर येऊन बाबाच्या हातात देजो.