अंगणात आवाज नको

ती. लेओन्तीनताईस,

ल्योंहून धाकट्या फिर्मांचा नमस्कार. ब्रेस्तच्या त्या दमट हवेत तुझे गुडघे कसे आहेत ते सविस्तर कळव. (फोनवर सांगू नकोस. फोनवर तू गुडघ्यांवरून सुरुवात करतेस आणि माझ्या स्वभावावर येऊन थांबतेस.) भाऊजींच्या खोकल्याला उतार पडला असावा अशी आशा करतो. माझी तब्येत उत्तम. डॉक्टरांनी लोणी बंद करायला सांगितलं होतं, म्हणून डॉक्टर बदलला.

ओदीलचं लग्न ठरल्याचं तुला तिच्याकडून कळलंच असेल. मुलगा बास्तियाँ चांगला आहे. उंच आहे, मितभाषी आहे, जेवण झाल्यावर न सांगता भांडी घासतो. दोष एकच, तो दिजोंचा आहे, आणि लग्नानंतर आपली ओदील तिकडेच राहायला जाणार. त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. मुली जातातच, तूही गेलीस, तीही ब्रेस्तला, जिथे लोक पावसात उभे राहून शिंपले खातात. माझं म्हणणं एवढंच होतं की निदान लग्नाचं जेवण तरी ल्योंत व्हावं. पोरीने या घरचं शेवटचं जेवण आपल्या गावात जेवून मग जावं. व्याह्यांना मात्र ते दिजोंतच हवं होतं. त्याचा निकाल लावायला व्याही गास्पार आणि विहीण साबीनबाई गेल्या शनिवारी इकडे येऊन गेले. ओदीलची इस्पितळात ड्यूटी होती, म्हणून सरबराई माझ्या एकट्याच्या गळ्यात पडली. जाताना ती बजावून गेली, "बाबा, त्यांना सरळ रस्त्याने न्या. आणि त्यांच्या दिजोंच्या मोहरीबद्दल एक शब्द बोलू नका." पैकी मोहरीचं मी शेवटपर्यंत पाळलं.

गास्पारराव हा मोठा ऐसपैस माणूस आहे. गावातल्या मंडळींना जमवून त्यांनी शिकारीच्या कर्ण्यांचं एक पथक काढलंय, आणि ते पथक लग्नात वाजणार हे स्टेशनवरच, नमस्काराच्याही आधी, मला सांगून टाकलं. कोटाच्या खिशात स्वतःची दिजोंच्या मोहरीच्या चटणीची बाटली बाळगतात. (परगावच्या मोहरीवर विश्वास नाही म्हणे. मी शब्द पाळला, ओदीलला सांग.) साबीनबाई बोलत नाहीत, नुसतं बघतात. असं बघणारं माणूस घरात असलं की त्या घरातले निर्णय कोण घेतं हे वेगळं विचारावं लागत नाही. मी माझ्या ठरलेल्या खाणावळीत माशोंच्या न्याहारीसाठी टेबल धरून ठेवलं होतं. सकाळी नऊ वाजता आतड्याची भाजी, डुकराचे कान आणि गार बोजोले वाइन पोटात गेली की दिजोंचा माणूसही नरम येतो, असा माझा हिशेब होता.

आता स्टेशनवरून नदी ओलांडली की तिथे सरळ रस्त्यानेही जाता येतं. पण जुन्या ल्योंत जन्मलेला माणूस पाहुण्यांना घेऊन सरळ रस्त्याने गेला तर त्याच्या जन्माला अर्थ काय? मी त्यांना आपल्या त्राबुलातून नेलं. एका गल्लीतलं दार ढकलायचं, लोकांच्या घरांच्या पोटातून, अंगणातून जायचं आणि पलीकडच्या गल्लीत निघायचं. आत शिरलो, दार मागे लागलं, गुलाबी जिन्याचा बुरूज आणि वरचे सज्जे पाहून साबीनबाई पहिल्यांदा "वा" म्हणाल्या, आणि मी निम्मी लढाई जिंकली असं मनात धरून पलीकडच्या दाराशी गेलो. तिथे डागडुजीसाठी फळ्या ठोकलेल्या. मागे फिरलो, तर आलो ते दार आतून उघडायचं बटण बिघडलेलं. जाड भिंतींमुळे मोबाइलला रेंज नाही. तिघंही अडकलो.

आणि इथे, ताई, तुझ्या भावाने ल्योंच्या माणसाला शोभेल असंच केलं. आपल्याला लहानपणापासून काय शिकवलंय? त्राबुलात आवाज करायचा नाही, वर लोक राहतात. तेव्हा मी अंगणाच्या मधोमध उभा राहिलो, मान वर केली आणि कुजबुजलो, "कुणी आहे का?" कुणी नव्हतं. मग थोडं बाजूला सरकून पुन्हा कुजबुजलो. गास्पारराव माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "अहो, तुम्ही मदत मागताय की पापं कबूल करताय?" आणि कर्णे फुंकून कमावलेल्या छातीने अशी आरोळी ठोकली की कबुतरं उडाली. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. "कोण बोंबलतंय? इथे माणसं राहतात!" एवढं बोलून बाईंनी खिडकी लावूनही टाकली. मी व्याह्यांना म्हटलं, "बघा, सांगत नव्हतो?" आम्ही अडकलेलेच होतो, पण मुद्दा माझा खरा ठरला होता.

यावरून आमची जी जुंपली (कुजबुजत, निदान माझ्या बाजूने), तिच्यात साबीनबाई कुठे गेल्या याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. थोड्या वेळाने तीच खिडकी पुन्हा उघडली आणि विहीणबाई तोंडात घास धरून आम्हाला वर या म्हणून खुणावू लागल्या. त्या सरळ जिना चढून दार वाजवून आत गेल्या होत्या. हे आम्हा दोघांना सुचलं नव्हतं.

त्या बाईंचं नाव मादाम झेली. विधवा आहेत. स्वयंपाकघर एवढंसं, आणि भट्टीतून नुकताच निघालेला कोंबडीच्या काळजांचा केक, वर टोमॅटोचं सार. ताई, आई रविवारी करायची तसा. पहिला घास गिळायच्या आधीच मी दुसरा कापून घेतला. गास्पाररावांनी सवयीने मोहरीची बाटली काढली. मादाम झेलींनी ती उचलली आणि फरशीच्या साबणाशेजारी नेऊन ठेवली. व्याह्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने पाहिलं नाही, ते मुकाट्याने जेवू लागले. तिसऱ्यांदा वाढून घेतल्यावर साबीनबाईंनी सुरी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "लग्नाचं जेवण इथेच. खालच्या अंगणात. रांधणार या." माझं मत कुणी विचारलं नाही. ते माझंच मत होतं हा केवळ योगायोग.

मादाम झेली तयार झाल्या, पण अट घातली. आवाज नको. गाणी नको, भाषणं नको, कर्णे तर मुळीच नको. गास्पारराव कळवळले, "अहो, मग ते लग्न की मयत?" तर म्हणाल्या, "तोंडात घास असला की माणसाला बोलावं कशाला लागतं?" नंतर खाली येऊन त्यांनी दाराला एक लाथ घातली आणि ते उघडलं. खाणावळीतलं आमचं टेबल केव्हाच दुसऱ्यांना गेलं होतं.

तेव्हा मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी तुम्ही उभयतांनी यावं. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
फिर्मां

ता. क. भाऊजींना म्हणावं, भाषण लिहायला घेतलं असेल तर थांबा. खोकला मात्र चालेल, मी मादाम झेलींना विचारलं आहे.

ता. क. २ ओदीलला सगळं सांगितलं तर खुर्चीत बसून पोट धरून हसली. मग म्हणाली, "बाबा, झालं ना तुमच्या मनासारखं?" मी हो म्हटलं. ती तिच्या खोलीत सामान बांधायला गेली.

ता. क. ३ एक काम आहे, खरं म्हणजे त्यासाठीच पत्र लिहायला घेतलं. जेवताना तू माझ्या शेजारी बस, दुसरीकडे कुठे बसू नकोस. जेवण आटोपल्यावर ओदील आणि बास्तियाँ तिथूनच गाडीत बसून दिजोंला निघणार आहेत. मी रडलो की केवढ्याने रडतो ते आई गेली तेव्हा तू पाहिलं आहेस. ओदील टेबलावरून उठली की माझ्या पायावर पाय दे, जोरात दे. तरीही नाहीच आवरलं, तर राहू दे. मादाम झेली ओरडतील, ओरडू देत.