सर्व्हे नंबर ७४ चा खातेदार

प्रति,
मेहेरबान स्पेशल ऑफिसर साहेब,
नियोजित तासगाव–करंजओढा सडक,
मुक्काम सरकारी बंगला, तासगाव, जिल्हा सातारा.

अर्जदार : चंद्राबाई भ्रतार आकाराम पवार, राहणार मौजे करंजओढा, तालुका तासगाव.

विषय : सभेच्या वहीत सर्व्हे नंबर ७४ पुढे झालेली ‘हरकत नाही’ ही नोंद दुरुस्त होणेबाबत.

संदर्भ : ता. १२ नोव्हेंबर १९४६ रोजी मारुतीच्या देवळापुढे आपण घेतलेली गावसभा.

महोदय,

१. लढाई संपली, आता सडका होणार, आणि त्या लोकांना विचारून होणार, असे आपण सभेत सांगितलेत. आजवर आमच्या गावाला कोणी काही विचारले नव्हते, म्हणून सारे गाव आले. बायका देवळाच्या बाजूच्या कट्ट्यावर बसल्या. सडक आम्हाला पाहिजे आहे. ओढ्याला पाणी आले की आजारी माणूस बाजेवर घालून चौघांनी उचलून न्यावे लागते. सबब माझी सडकेला हरकत नाही. माझी हरकत वीस पावलांना आहे.

२. ओव्हरसीअर साहेबांनी सडकेच्या आखणीसाठी धरलेली दोरी आमच्या ७४ च्या रानातून जाते व तीत विहीर बुजते. दोरी वीस पावले वर, जुन्या गाडीवाटेवर सरकवली तर विहीर राहते आणि कुणाचे जास्त काही जात नाही. एवढे सांगायला मी सभेत उठले. आपण मायेने विचारलेत, ‘बाई, खातेदाराचं नाव काय?’

३. खातेदार म्हणजे माझे मालक. आमच्यात बायका मालकाचे नाव तोंडाने घेत नाहीत. घेतले तर उखाण्यात, तेही चार बायकांत. शेजारची शालूबाई म्हणाली, ‘आगं, उखाण्यात घे की! सायबास्नी बी कळू दे, आमची चंद्रा कशी नाव घेती.’ बायका हसल्या. तेव्हा म्हातारी मनुबाई म्हणाली, ‘गप बसा गं. पाच साल झालं त्येचा पत्ता न्हाई, आन् उखाणं कसलं मागताय?’ मला बोलता आले नाही. आपण थोडा वेळ थांबलात. मग कारकुनांनी ‘७४, हरकत नाही’ असे लिहिले आणि ७५ चे हंबीरराव उठले.

४. चार दिवसांनी मी बंगल्यावर आले. आपण फिरतीवर होता. कारकून म्हणाले, हरकत खातेदारानेच घ्यावी लागते, किंवा खातेदार मयत असल्यास वारसाने. ‘बाई, माणूस हयात असेल तर घेऊन या. नसेल तर मयताचा दाखला जोडा, मग तुम्ही वारस, मग बोला पाहिजे तेवढं.’ त्यांचा यात दोष नाही. त्यांनी मला बसायला सांगितले व पाणीही दिले.

५. मालक सन १९४० साली पलटणीत गेले. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रह्मदेशात बेपत्ता झाल्याचा कागद आला. त्यांच्याबरोबर गेलेले जोतीराम यंदा शिमग्याला परत आले. त्यांना विचारले. ते म्हणाले, ‘वैनी, जिता बगितला न्हाई. मेलेला बी बगितला न्हाई.’ मी तव्यावरची भाकरी उलटली. मी रोज कपाळाला कुंकू लावते. का लावते म्हणून कुणी विचारले तर सवय आहे असे सांगते.

६. विहीर म्हणावी असे तिच्यात काही नाही, हे मी लपवत नाही. मालक खणत असता अकरा हात खाली कातळ लागला, तेव्हा ते म्हणाले होते की पलटणीतून परत आल्यावर सुरुंग लावू. पावसाळ्यात कमरेइतके पाणी साठते, संक्रांतीला आटते. त्यांचा टिकाव अजून आतच आहे. दांडा वाळवीने खाल्ला.

७. सासूबाई बयाबाई यांनाही सभेत विचारले गेले नाही. त्यांची हरकत त्या पहाटे जात्यावर सांगतात. ती जशीच्या तशी लिहिते :

वाट आखतो सायेब, दोरी त्याची लांब लांब
बाळ माझं येईस्तवर, दोरी बाई जरा थांब

हा पुरावा होत नाही, असे शाळेचे मास्तर म्हणाले. तरी लिहिले आहे.

८. मास्तरांनी असेही सांगितले की मालकाचे नाव बोलायचे नाही असा रिवाज आहे, लिहायचे नाही असा नाही. मी चौथी झालेली आहे. वर अर्जदाराच्या ओळीत नाव माझ्या हाताने लिहिले आहे. एकदाच लिहिले आहे, चालवून घ्यावे.

९. बंगल्यावर कारकून वही उलटत असता माझ्या नजरेस आले की, सभेच्या दिवशी जे खातेदार बाजाराला गेले होते त्यांच्यापुढे ‘गैरहजर, पुन्हा नोटीस द्यावी’ असा शेरा आहे. माझे मालकही सभेला आले नव्हते. मग त्यांच्यापुढे ‘हरकत नाही’ कसे? ते तसे बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही.

तरी मेहेरबान साहेबांनी ती नोंद खोडून सर्व्हे नंबर ७४ पुढे ‘गैरहजर, पुन्हा नोटीस द्यावी’ एवढे लिहावे. विहिरीचे मग आपण ठरवाल तसे. नोटीस मात्र खातेदाराच्याच नावाने यावी. नोटीस आणणारा कोतवाल दारात उभा राहून खातेदाराचे नाव मोठ्याने पुकारतो. आमच्या घरात मला ते घेता येत नाही आणि सासूबाई बाळ म्हणतात. पाच वर्षांत ते नाव आमच्या दारात कुणी पुकारलेले नाही. नोटीस मी घेईन.

एवढी अर्जी मान्य व्हावी.

आपली नम्र,
चंद्राबाई, सही दस्तुरखुद्द
करंजओढा, ता. २ डिसेंबर १९४६

सोबत :
१. पलटणीकडून आलेला बेपत्ता असल्याचा कागद, नक्कल.
२. जुन्या गाडीवाटेचा नकाशा, मास्तरांनी काढलेला.
३. मयताचा दाखला : जोडलेला नाही.