गच्चीवरच्या टाक्या

१२ ऑगस्ट २०२४
शेजारच्या द्रौपदीकाकूंचे पाय गेले. डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं — चालणं आता नाही. गच्चीचा स्लॅब पडला तेव्हा बाई खाली ओट्यापाशी तांदूळ निवडत होती!

१४ ऑगस्ट
सोसायटीची बिल्डरबरोबर बैठक. त्याचा इंजिनीअर जितेश म्हणे, "तुम्हीच गच्चीवर टाक्या चढवल्या ना? वजन झालं, सिंपल." सगळे तुटून पडले — रिकाम्या होत्या! टाक्या बाबांनी बसवलेल्या, सेक्रेटरी म्हणून. आमच्या मांजर्लीत पुराचं पाणी भरलं की खालच्या टाकीत गटार शिरतं. बाबा खाली बघून चष्मा पुसत होते.

शेवटी दोन्ही बाजूंनी बोलावलेल्या मध्यस्थांनी तोड काढली. बिल्डिंग स्कॅन करून कॉम्प्युटरवर तिचं मॉडेल करायचं, त्यात निघेल ते दोघांनी मान्य करायचं. काम आमच्या ऑफिसकडे, म्हणजे माझ्याकडे. बाप सेक्रेटरी, मुलगी मॉडेल करणार — कुणाला वावगं वाटलं नाही. जितेश तर हसला, "मॅडम, कॉम्प्युटर थोडीच झूठ बोलतो."

५ सप्टेंबर
मॉडेलमध्ये टाक्या रिकाम्या ठेवल्या — स्लॅब शाबूत. भरल्या — मोडतो, नेमका काकूंच्या ओट्यावर. परत करून बघितलं. तेच.

६ सप्टेंबर
बाबा ताटावर नुसते बसतात. टाक्यांचं विचारलं नाही. विचारलं तर खरं सांगतील, म्हणूनच.

९ सप्टेंबर
रिपोर्ट दिला. टाक्या रिकाम्या धरल्या. मग पडण्याचं कारण एकच उरतं — काँक्रीट कच्चं. स्वतःची किळस येतेय.

२३ नोव्हेंबर
बिल्डरने मान्य केलं. सोनिवलीत त्याचं नवीन बुकिंग चालू आहे, बोभाटा नकोय. स्लॅब पहिल्याच नकाशाप्रमाणे, तेवढंच वजन पेलणारा, नव्याने घालून देणार, काकूंच्या दवाखान्याचा खर्चही करणार. काकूंनी माझा हात धरला तो सोडेचनात.

घरी आले तर बाबा रडत होते. "कीर्ती, टाक्या रिकाम्या नव्हत्या गं. पुराचा अंदाज होता म्हणून आदल्या दिवशी मीच भरून ठेवल्या. वाटायचं, माझ्यामुळेच झालं. तुझ्या मॉडेलने सोडवलं बघ मला."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवत होते.

१७ मार्च २०२५
नवा स्लॅब झाला. काकू घरी आल्या. पलंग खिडकीशी लावलाय, रस्ता दिसावा म्हणून.

१९ जून
नदी चढतेय. कामावरून आले, तर छतावर पाणी पडल्याचा आवाज.

"टाक्या परत चढवल्या," बाबा म्हणाले. "मॉडेलनेच सांगितलं ना, त्यांचा दोष नव्हता. सकाळपासून भरतोय."

धावत जाऊन मोटर बंद केली, टाक्यांचे नळ सोडले. बाबा मागोमाग आले. "अगं, का?"

सांगितलं.

तेव्हापासून बाबा काकूंच्या दाराबाहेर पायरीवर बसलेत. आतून काकू हाका मारतायत, "कमळाकरभाऊ, बाहेर का? आत या ना, चहा घ्या."