कागदावर नसलेली खोली

पप्पा, तुम्ही बांधलेली मागची खोली कागदावर नाही. दहा वर्षं आम्ही ती वापरतोय, मी झोपतो तिथे, आत्ताही तिथेच बसून लिहितोय, आणि घराच्या मालकीच्या, टायटलच्या नकाशात त्या जागी काहीच नाही, कोरा कागद. दीड महिन्यापूर्वी कळलं. आईला घर विकायचंय. ताई आता तिकडे लांब पोरिरुआत असते, तिला मुलगा झालाय, आईला नातवाजवळ राहायचंय, आणि तिला 'नको जाऊस' म्हणावं असं माझ्याजवळ काही नाही. घर बघायला पहिलंच कुटुंब आलं ते सामोअन, म्हातारीसकट सात जण, आणि त्यांना नेमकी हीच खोली आवडली. म्हातारी खिडकीपाशी उभी राहिली, बोट खाली करून म्हणाली, "माय बेड, हिअर." आठवड्याभरात त्यांच्या वकिलाचा फोन. नकाशात दोन खोल्या, जागेवर तीन, म्हणजे टायटल सदोष. नवा नकाशा करा, त्यावर पुढच्या फ्लॅटच्या मालकाची सही आणा, तर घेऊ. पुढच्या महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले. तो महिना येत्या बुधवारी संपतोय.

पुढच्या फ्लॅटचे मालक म्हणजे काका, नात्यातले नव्हेत, तुमचे मित्र. एकाच सेक्शनवर, एकाच प्लॉटवर दोन बैठे फ्लॅट, पुढचा त्यांचा, मागचा आपला, मध्ये काँक्रीटचा ड्राइव्ह. नाशिकहून तुम्ही दोघं मागेपुढे या देशात आलात आणि पापाटोएटोत एकाच आठवड्यात सह्या करून हे घेतलंत. मला तेवढंच ठाऊक होतं. आपल्या घरातल्या खोलीला त्यांची सही कशाला, हे डोक्यात शिरेना. कायद्याचं काही कळलं नाही की मला आधी राग येतो, तुम्हाला माहीतच आहे.

मी अकरा वर्षांचा असेन. तुम्ही पॅकिंगच्या शेडमधून यायचात, हात धुवायचात आणि किचनच्या टेबलावर तो गुंडाळलेला मेणकापडी नकाशा उलगडायचात, जो तुम्ही भूमिअभिलेखची नोकरी सोडताना आठवण म्हणून आणला होता. चार कोपऱ्यांवर चार वाट्या. आई ओरडायची, "अहो, मला पोळ्या लाटायच्यात, जगाच्या हद्दी नंतर मोजा." त्या शेडमध्ये दिवसभरात तुम्हाला कुणी काही विचारत नसेल, हे मला आत्ता कळतंय, मीही आता मनुरेवाच्या लाकडाच्या यार्डात तसाच उभा असतो. तेव्हा मला वाटायचं, हा माणूस माझं कार्टून बुडवतो. मी घाईघाईनं नकाशावरची नावं वाचायला लागलो आणि तुम्ही पट्टी टेबलावर आपटली. "नावं नको वाचूस. नावं बदलतात. आधी हद्द बघ, मग खुणा, माणसं सगळ्यात शेवटी." मी रडलो. तुम्ही समजूत काढली नाहीत, पण वाटीतला गूळ माझ्याकडे सरकवलात. आणि मग सातबाऱ्याची गोष्ट सांगितलीत, की 'इतर हक्क'च्या रकान्यात एकदा कुळाचं नाव लागलं की जमीन कुणाची आणि कसणारा कोण यावरून भाऊ भावाचं तोंड बघत नाही. कुळ हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्का बसला. बाकीचं सगळं विसरलो.

कॉलेज मी सोडलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. क्वांटिटी सर्व्हेइंगचा डिप्लोमा, दुसरं वर्ष. ट्यूटर सगळ्यांसमोर म्हणाला की ही रीडिंग्ज तू दुसऱ्याची उतरवलीस. उतरवलीच होती. पण सगळ्यांसमोर का म्हणाला म्हणून मी लेव्हलिंगची काठी त्याच्या पायाशी फेकली आणि निघून आलो, तो निघूनच आलो. खरं तर आधीपासूनच माझं लक्ष नव्हतं. काकांची मुलगी फार्मसी शिकायला जाते, सव्वाआठला दार ओढून निघते, साडेआठची ट्रेन पकडते. माझं लेक्चर दहाला असलं तरी मी साडेआठचीच पकडायचो, आणि ती सिटीत उतरली की मला परत दहापर्यंत कुठे जायचं सुचायचं नाही. लहानपणी आम्ही रबरी जँडल घालून कोपऱ्यावरच्या डेअरीच्या दुकानापर्यंत शर्यत लावायचो तीच ही. काकू मराठीत विचारतात, ही इंग्लिशमध्ये उत्तर देते, माझ्याशी मात्र अर्धं-अर्धं. गेल्या उन्हाळ्यात डेअरीबाहेरच्या बाकावर चिप्स खाताना मी तिला सांगून टाकलं. ती हसली नाही, हे खूप झालं. म्हणाली, "आधी ते कोर्स फिनिश कर ना, मग मी माझ्या पप्पांशी बोलते. ड्रॉपआउट म्हटलं तर ते ऐकणारच नाहीत." मी म्हटलं, मग त्यांच्यासाठी शिकू का? ती म्हणाली, "सी? हेच." चिप्स तिथेच ठेवून गेली. तरी बोलत होती. मागच्या महिन्यापर्यंत बोलत होती.

तर वकिलाकडून टायटलची आणि जुन्या लीजची प्रत आली तो रविवार होता, आईनं पाकीट फोडून माझ्यासमोर ठेवलं. आणि तुमच्या मुलानं काय केलं, तर आधी नावं वाचली. लीज, नऊशे नव्याण्णव वर्षं. देणारा म्हणून काकांचं नाव. घेणारा म्हणून तुमचं. पप्पा, माझं डोकं फिरलं. आम्ही कुळं. काका मालक, तुम्ही त्यांचं कुळ, आणि आईला आयुष्यभर सांगितलंत की स्वतःचं घर आहे. तुमचा राग आला, पण तुम्हाला कुठे गाठणार. काका समोरच होते.

त्यांच्या गॅरेजमध्ये रविवारची बुद्धवंदना नुकतीच संपली होती. पंधरा-वीस माणसं हातात पोह्यांच्या डिशा घेऊन उभी. मी आत शिरलो आणि म्हटलं, "काका, आम्ही तुमची कुळं आहोत का?"

"काय रे? बस आधी. पोहे घे."

"पोहे नकोत. नऊशे नव्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा लिहून घेतलात माझ्या बापाकडून, आणि वर मित्र म्हणवता?"

कुणीतरी म्हणालं, "अरे, आवाज खाली कर, माणसं बसलीत." काकू डिश धरून तशाच उभ्या. काका शांतपणे म्हणाले, "तुझ्या पप्पांनी नि मी बरोबर बसून केलंय ते सगळं."

"ते काय सांगणार आता? मेलेत ते!"

हे मी बोललो. तुमच्याबद्दल, त्या जागी, ज्या गॅरेजमध्ये तुम्ही दर रविवारी सतरंज्या घालायचात. मग काकांची मुलगी पुढे आली, माझ्या हातातला कागद घेतला आणि वाचला. नीट, शेवटपर्यंत. "दुसरी लाइन वाचलीस? देणाऱ्यांमध्ये माझ्या पप्पांच्या खाली तुझ्या पप्पांचंही नेम आहे."

"स्वतःच स्वतःला भाड्यानं कोण देतं?"

"मला नाही माहीत. पण वाचायचं तरी ना, यू इडियट." कागद माझ्या छातीवर टेकवला. "गो होम. प्लीज." त्यानंतर माझ्या एकाही टेक्स्टला उत्तर नाही.

माणूस तिथे गप्प बसला असता. मी सोमवारी यार्डातून लवकर सुटून कौन्सिलच्या ऑफिसात गेलो, काकांच्या गॅरेजला परवानगी आहे का ते बघायला. नसली तर दाखवतो, असं मनात. काउंटरवर एक माओरी बाई होती, आईच्या वयाची. "किया ओरा, डार्लिंग," म्हणाली, आणि दोन्ही फ्लॅटच्या फायली आणून ठेवल्या. गॅरेजला परवानगी होती. मी टायटल पुढे करून विचारलं, हे असं कसं, मालकच भाडेकरू? तिनं आपला स्टेपलर आणि माझं पाकीट शेजारी शेजारी ठेवलं. ही सगळी जमीन तुम्हा दोघांची, म्हणाली, तोडून अर्धी-अर्धी नव्हे, सगळीच दोघांची. मग दोघं मिळून हा फ्लॅट त्याला लीजवर देता, दोघं मिळून तो फ्लॅट तुला. इथे अशी शेकड्यांनी घरं आहेत. "तुम्ही एकमेकांचे घरमालक आहात, बॉय. म्हणजे भांडायची सोय नाही." आणि स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसली.

मग तिनं आपल्या फ्लॅटची फाइल उघडली आणि त्यात तुम्ही होतात. पेन्सिलीनं काढलेला खोलीचा नकाशा, उत्तरेचा बाण तुमच्या पद्धतीचा, शेपटीला दोन रेघा असलेला. मापं इतकी सरळ लिहिलेली की छापल्यासारखी. खाली काकांचं पत्र, सहमालक म्हणून माझी हरकत नाही, मोडक्या इंग्लिशमध्ये, तुमच्याच अक्षरात आणि त्यांच्या सहीनं. आणि खोली कशासाठी या रकान्यात: मुलाच्या अभ्यासासाठी. मी तो कागद उलटा करून ठेवला. बाईनं विचारलं, "युअर डॅड?" मी मान हलवली. "सुंदर हात आहे त्यांचा," म्हणाली, आणि न मागता प्रत काढून दिली. म्हणजे कौन्सिलची परवानगी होती, काकांची संमती होती, फक्त टायटलवरचा नकाशा बदलायचा राहिला. खोली झाली त्या वर्षी सर्व्हेअर जुलैत येणार होता आणि तुम्ही जूनमध्ये गेलात. मी चोर शोधायला गेलो होतो, चोर कुणीच नव्हता.

नव्या सर्व्हेअरनं येऊन अर्ध्या दिवसात मापं घेतली. तुमच्या मापांशी तंतोतंत. आता त्या नकाशावर काकांची सही, एवढंच. आई रोज विचारते, "गेलास का त्यांच्याकडे? काय म्हणाले?" मी सांगतो, बघू म्हणाले. आईला वाटतं, मी केलेल्या अपमानापायी काका सही अडवून बसलेत. ती काकूंशी बोलत नाही. दोन रविवार वंदनेला गेली नाही, घरातच एकटी बसून म्हणते, मध्येच गाथा चुकते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. परवा भांडी घासताना म्हणाली, "यांच्या अंत्यविधीला चार दिवस तो माणूस आपल्या घरी राहिला होता रे. असा निघेल वाटलं नव्हतं." ती तुमच्या मित्राला नावं ठेवतेय, पप्पा, आणि मी शेजारी उभा राहून ताटं पुसत होतो.

कारण काकांनी सही करून बारा दिवस झालेत. मी गेलो तेव्हा ते ड्राइव्हमध्ये नळी धरून गाडी धुत होते. माफी मागितली, धड जमली नाही. त्यांनी नळ बंद केला, हात पँटला पुसले, बॉनेटवर नकाशा पसरला, आधी कडेच्या रेषांवरून बोट फिरवलं, मग सही केली. म्हणाले, "तो असता तर आधी कानाखाली दिली असती तुझ्या. मला नाही जमत ते. आईला सांग, रविवारी या दोघं." कागद माझ्या गादीखाली आहे. तो तिथे आहे तोवर घर विकलं जात नाही, आणि सकाळी सव्वाआठला पुढचं दार ओढल्याचा आवाज मला ऐकू येतो. ती इकडे बघत नाही. मला माहीत आहे ती बघणार नाही. तरी मी आठपासून जागा असतो.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणून तरी लिहिता आलं. मधेच आई दारात येऊन गेली. बाहेर जायची साडी नेसलेली. म्हणाली, "मीच जाते आत्ता त्यांच्याकडे. हात जोडते. बुधवार गेला तर ती माणसं दुसरं घर बघतील." मी म्हटलं, तू नको जाऊस, मी बघतो उद्या. ती साडी बदलायला गेली. मी गादीवरच बसलो होतो, कागद खाली तसाच. नुसतं उठायचं होतं, पप्पा. मी उठलो नाही.