समेवर उडी

४ जुलै

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आधी तुझ्या गुडघ्यांची खुशाली कळव, मग माझं रडगाणं वाच. शाळेत गाण्याचा तास मिळाला, पण मुलांना ताल म्हणजे काय ते कळेना. शेवटी बाकं बाजूला सारली आणि सगळ्यांना चालतं केलं. खालच्या सा ला उकिडवं बसायचं, वरच्या सा ला हात छताकडे, आणि ताल फिरून समेवर आला की दणकन उडी. आत्या, पोरं चक्क सुरात गायला लागली.

पण आमच्या खोलीखाली गणिताचे सर शिकवतात. त्यांच्या टकलावर चुन्याचे पोपडे पडतात म्हणे. त्यांनी तक्रार केली. आता मुख्याध्यापिकाबाई शुक्रवारी तास बघून ठरवणार, मला कायम करायचं की घरी पाठवायचं. सकाळपासून नखं खातेय. तू जन्मभर गाणं शिकवलंस, काहीतरी सुचव.

तुझ्या लोभावरच उभी असलेली,
तुझी भाची

७ जुलै

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

गुडघे कुरकुरतात, पण लयीत. तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. माझ्या वर्गात कोणाची पापणी हलली तरी मी डोळे वटारायची. गाणं गळ्यातून येतं गं, टाचेतून नाही. शुक्रवारी सगळ्यांना मांडी घालून गप्प बसव. कायम झालीस की मग नाचा हवं तेवढं. आणि बापासारखी नखं खात बसू नकोस.

काळजी आहे म्हणूनच रागावते, लोभ कमी समजू नये.
तुझी आत्या

१२ जुलै

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि तोंडघशी पडले. मुलं फोटो काढायला बसल्यासारखी ताठ. मी सा दिला, तर प्रत्येकाने आपापला वेगळाच सा लावला. बाईंनी चष्मा काढून पुसला. मला रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात खालून ठक् झालं. थोड्या वेळाने पुन्हा ठक्. गणिताचे सर जळमटं काढायच्या काठीने छत ठोकत होते. एवढ्या शांततेतही यांची कुरकुर, म्हणून बाई तरातरा खाली गेल्या, मागोमाग मी. खाली सगळा वर्ग सतराच्या पाढ्यावर अडकलेला. सर ओशाळून म्हणाले, "वरून उडी पडल्याशिवाय यांचा पाढा पुढे सरकत नाही हो."

तिकडे वर माझ्या पोरांना ती ठकठक म्हणजे सम वाटली. ती उठली आणि दणादण उड्या मारत सुरात गायला लागली. खाली पाढा धावत सुटला. बाई केसांत चुना घेऊन ऐकतच राहिल्या.

मी कायम झाले, आत्या! फक्त गाण्याची खोली तळमजल्यावर न्यायची ठरली. ते कळताच सरांनी दुसरी तक्रार केली, की आमच्या डोक्यावरचं गाणं हलवू नये.

लोभ आहे तसाच ठेव, सल्ले मात्र जपून दे.
तुझी भाची

१६ जुलै

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

वाचून इतका आनंद झाला की डोळे पुसावे लागले. माझा सल्ला चुलीत घाल.

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सांगितलेला व्यायाम मी टाळत होते. काल दार लावून तुझ्या पद्धतीने खालच्या सा ला बसले. उठता येईना, म्हणून बराच वेळ खालच्या सा वरच राहिले. शेवटी पाण्याच्या पिंपाला धरून उठले आणि समेवर अशी टाच आपटली की खालचे शेजारी तणतणत वर आले. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि उद्या सकाळी काठी घेऊन तयार राहायला सांगितलं. फक्त समेवरच ठोका, म्हटलं.

लोभ आणि उड्या, दोन्ही चालू असाव्यात.
तुझी आत्या