सर्व्हिस स्टेशनची भिंत

२ फेब्रुवारी

आज कामावर रुजू झालो. नाशिक रोडहून सकाळची बस धरली आणि साडेआठला पेठ रोडवर रामशेजच्या पुढे उतरलो. ऊन कोवळं होतं. मंगळूने दारातच चहा आणि गरम पाववडा हातात दिला. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला चव लागली.

स्टेशन जुनं आहे. पेट्रोलचे दोन पंप वीस वर्षांपासून बंद आहेत, पण गाड्या धुवायचा रॅम्प, ग्रीस, पंक्चर आणि हवा हे सगळं चालू आहे. मालक सावळीराम मिस्त्री सत्तरीचे. मंगळू सुरगाण्याचा, गाड्या धुतो. तिसरी जागा माझा धाकटा भाऊ वाळू याची होती. डिसेंबरात ट्रकच्या चाकात हवा भरताना टायर अडकवून ठेवणारी लोखंडी रिंग उडून त्याच्या छातीत बसली. जागा घरातच राहू द्या, असं मिस्त्री दहाव्यालाच म्हणाले होते.

माझे हात पाहून ते म्हणाले, हे स्टिअरिंग आणि पेन धरायचे हात, पाना धरायला उन्हाळा जाईल. मंगळू म्हणाला, दादाला आधी पाना कोणता आणि पक्कड कोणती ते सांगा. मीही हसलो.

४ फेब्रुवारी

कॉम्प्रेसरमागची भिंत हे इथलं वैशिष्ट्य आहे. तिच्यावर ऑइलपेंटने धडे लिहिलेले आहेत. प्रत्येक अपघाताचा एक धडा, खाली नाव. 'रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका – दत्तू.' 'नळीने पेट्रोल तोंडाने ओढू नका – पांडुरंग.' 'नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका – एकनाथ.'

मिस्त्रींच्या वडिलांपासूनचा नियम असा की ज्याची चूक, त्यानेच तेच काम सगळ्यांसमोर पुन्हा नीट करून दाखवायचं. मगच धडा भिंतीवर चढतो. दत्तूच्या तोंडाची कातडी सोलली होती. बरा झाल्यावर त्याने सगळ्यांसमोर ओल्या गोणपाटाने झाकण उघडून दाखवलं. हात इतके कापत होते की झाकण तीनदा सुटलं, असं सांगताना मिस्त्री पोट धरून हसले. एकनाथ गाडीखालीच गेला. त्याच्या मुलाने बापाचं नाव घेऊन ते काम करून दाखवलं.

वाळूचं कोणी करून दाखवलं नाही. मिस्त्री म्हणाले, माझ्याच्याने झालं नाही, धडा नुसता लिहून टाकू. माझं अक्षर चांगलं म्हणून ब्रश मला दिला. मी लिहिलं: 'हवा भरताना चाकाला साखळी बांधा – वाळू.'

हात अजिबात हलला नाही.

९ फेब्रुवारी

भिंतीला टेकवलेलं ट्रकचं एक चाक शनिवारी मी स्वतः रिकामं केलं होतं. आज सकाळी ते टम्म भरलेलं होतं. हात लावला तर रबर गरम, उन्हात धावून आल्यासारखं. मंगळू म्हणाला मी नाय भरलं. मिस्त्रींनी हवा सोडायला लावली. हवेला वास होता. दवाखान्यात शवागाराबाहेर उभा होतो तेव्हाचा.

१२ फेब्रुवारी

दुपारी द्राक्षांच्या ट्रकचं चाक होतं. नवी साखळी मिस्त्रींनी स्वतः बांधली. काटा साठ पाउंडावर असताना रिंग सुटली. साखळीच्या कड्या शेंगदाण्यासारख्या फुटल्या. रिंग शेडच्या पत्र्यातून आरपार गेली आणि रस्त्यापलीकडे बांधलेल्या बैलाच्या मानेत बसली. बैल बराच वेळ पाय झाडत होता.

मिस्त्री म्हणाले, चाळीस वर्षांत साठावर सुटलेली पाहिली नाही.

१६ फेब्रुवारी

मंगळूचा उजवा हात गेला.

तो चाकाजवळही नव्हता, रॅम्पवर जीप धूत होता. कॉम्प्रेसर बंद होता, लाईटही नव्हती. तरी टेकवलेलं ते चाक भरायला लागलं. आवाज आला म्हणून तो बघायला वळला. रिंगने हात कोपराखाली तोडला. हात पाण्याच्या हौदात पडला, बोटं अजून पाइप धरल्यासारखी वळलेली. मीच तो काढून कापडात गुंडाळला. हौदाचं पाणी लाल होताना पाहत राहिलो.

१७ फेब्रुवारी

मंगळूला भेटून आलो. शुद्धीवर आहे. त्याने मला जवळ बोलावलं.

"नवनाथदादा, वाळू तठंच हाय. चाकापाशी उकिडवा. मला म्हने, साखळी कुठं हाय? मी काय सांगू त्याला?"

मी त्याला पाणी पाजलं आणि निघून आलो.

१८ फेब्रुवारी

हे लिहून ठेवतो.

साखळी मी नेली होती.

अकरा डिसेंबरला माझी पिकअप स्टेशनच्या अलीकडे रस्त्याकडेच्या चारीत रुतली. वाळूकडून साखळी मागितली. समोर ट्रक उभा होता, चाक खोललेलं होतं. तो म्हणाला, लवकर आण. मी आलोच म्हणालो. गाडी निघाली, आणि माल पोचवायला उशीर होत होता म्हणून मी तसाच पेठला गेलो. परत आलो तेव्हा गर्दी होती. साखळी कुठे गेली हे सगळे विचारत होते. मी गप्प बसलो. पुढे पिकअप विकली. साखळी घरी खाटेखाली आहे.

चूक त्याची नाही. त्याच्या नावावर मी लिहिली. म्हणून तो ते काम पुन्हा करून दाखवतो आहे, नियमाप्रमाणे. आणि साखळी त्याला मिळत नाही.

उद्या मिस्त्रींना सांगणार.

१९ फेब्रुवारी

सांगितलं नाही. ते मंगळूसाठी रडत होते. उद्या सांगतो.

२० फेब्रुवारी

मिस्त्री गेले. सकाळी अकराला.

मी दार उघडून तोंड उघडणार एवढ्यात – त्याच चाकाची रिंग त्यांच्या हनुवटीखाली बसली. मान मागच्या बाजूला लोंबली, कातडीवर. तरी दोन पावलं चालले. माझ्याकडे.

संध्याकाळी त्यांची मुलगी तेजल म्हणाली, बाबांनी एक दिवस स्टेशन बंद ठेवलं नाही. उद्या दहाला ती येऊन कॉम्प्रेसर चालू करणार. नको म्हणालो. का, म्हणाली. तेव्हाही –

मी काय माणूस आहे.

२१ फेब्रुवारी

पहिली बस. साखळी गोणीत. सव्वासात.

वाळूची ओळ घासून काढली. लिहिलं: 'भावाची साखळी नेली, परत आणली नाही – नवनाथ.'

आता काम. तेच चाक आडवं टाकलं. साखळी चार वेढे, कुलूप. कॉम्प्रेसर लावला. बसून लिहितो, म्हणजे वर बघावं लागत नाही.

काटा तीस.

चाळीस. समोर कोणीतरी उभं आहे. चपला मिस्त्रींच्या. शेजारी अनवाणी पाय, ग्रीसने काळे – एकनाथ असेल. सगळ्यांसमोर, असा नियम –

साठ. सुटली नाही.

सत्तर. वाळू आला. तोच निळा शर्ट. छातीतून मागची भिंत दिसते.

मी मोठ्याने सांगितलं. साखळी मी नेली, मी नेली. कोणी हललं नाही.

नव्वद. कॉक बंद केला. हवा थांबत नाही.

शंभर. रस्ता मोकळा आहे. पळता येईल. पण दहाला तेजल –

एकशेदहा. वाळू कुलूप चाचपतो आहे. उघडलं. वेढे सोडतो – नको, वाळू –

टोक माझ्या हातात दिलं. हात गार.

"दादा, तू धर."

धरली. डाव्या हाताने. उजव्याने लिहि – रिंग हलते आहे. माझी छाती अगदी तिच्यावर. तो काटा बघतो, मग माझ्याकडे. रागावलेला नाही.

एकशेतीस. सोडणार नाही, वाळू, आता नाही सोड